भुंगा धुतला तरी आठवड्याभरात माइट परत येतात: गेंड्या भुंग्याच्या संगोपनातली नेहमीची अडचण

तक्रार जवळजवळ दर वेळी सारखीच असते. माडाच्या शेंड्यातून आकडीने काढलेले किंवा गंधसापळ्यात सापडलेले गेंड्या भुंगे डब्यात ठेवले. दोन-चार दिवसांत पायांच्या सांध्यांत, छातीखाली, मानेच्या खाचेत तांबूस-पांढरे ठिपके दिसू लागले. ब्रशने झाडले, नळाखाली धरून धुतले, भुंगा चकचकीत झाला. आठ-दहा दिवसांनी तोच भुंगा पुन्हा ठिपक्यांनी भरला. मग डब्यातलं खत बदललं, तरी महिन्याभरात तेच.

इथे चूक धुण्यात नाही, जागेत आहे. भुंग्यावर दिसतो तो माइटचा, म्हणजे कोळ्याच्या जातीच्या बारीक जिवाचा, फक्त प्रवासी. त्याचं घर, अंडी, पिल्लं, खाणं सगळं डब्यातल्या कुजलेल्या शेणखतात असतं. माइटला पंख नाहीत आणि अर्ध्या मिलिमीटरच्या जिवाला एका उकिरड्यावरून दुसऱ्या उकिरड्यावर चालत जाणं शक्य नाही. भुंगा मात्र अंडी घालायला नेमक्या तशाच जागी उडत जातो, म्हणून माइट त्याच्या अंगावर चढतो आणि पोचल्यावर उतरतो. जीवशास्त्रात याला फोरेसी म्हणतात. बहुतेक फोरेटिक माइट भुंग्याचं रक्त पीत नाहीत, गोचिडीसारखे रुतून बसत नाहीत. भुंगा झाडणं म्हणजे स्टँडवर उभ्या एसटीतले उतारू उतरवणं झालं. गावात माणसं आहेत तोवर गाडी पुन्हा भरणारच.

आणखी एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. मराठीत माइटला ‘कोळी’ म्हणतात आणि बागायतदाराच्या डोक्यात लगेच नारळावरचा इरिओफाईड कोळी येतो. त्याचा भुंग्यावरच्या माइटशी काही संबंध नाही. इरिओफाईड कोळी भारतात 1998 साली केरळात प्रथम नोंदला गेला. तो जेमतेम पाव मिलिमीटरचा, अळीसारखा लांबट, चारच पायांचा असतो, फळाच्या देठाकडच्या टोपीखाली राहतो आणि मुख्यतः वाऱ्याने पसरतो. भुंग्यावरचे ठिपके पाहून माडावर कोळीनाशक मारायला धावू नये. हे माइट भुंग्याचा नायनाट करतील ही आशाही धरू नये.

आधी भिंग, मग इलाज

दहापट भिंग, पांढरा कागद आणि चित्रकलेचा शून्य नंबरचा मऊ ब्रश एवढ्यावर ओळख होते. भुंगा कागदावर ठेवून पाच मिनिटं निरखा. ठिपके हलतात की नाहीत, हा पहिला प्रश्न.

भराभर पळणारे, तपकिरी, अर्धा ते एक मिलिमीटरचे माइट भुंगा हातात घेताच कागदावर उतरून सैरावैरा धावतात. हे मॅक्रोकेलिस, लेलॅपिड वगैरे मेसोस्टिग्माटा गटातले शिकारी. खतातले सूत्रकृमी, माश्यांची अंडी, इतर बारीक माइट हे त्यांचं खाणं. शेणकिड्यांवर हेच सर्वांत जास्त दिसतात. भुंग्याला यांचा त्रास नसतो. डब्यात माश्या होत असतील तर उलट मदतच होते. युरोपातल्या निक्रोफोरस या मृतदेह पुरणाऱ्या भुंग्यावर पोइसिलोकायरस नावाचे याच गटातले माइट असतात. भुंगा मेलेल्या उंदरापर्यंत पोचला की ते उतरून माश्यांची अंडी खातात, आणि भुंग्याच्या पिल्लांसाठी ठेवलेलं अन्न माश्यांच्या अळ्यांपासून वाचतं. भुंगा आणि अळ्या ठणठणीत असतील आणि फक्त हेच माइट असतील तर काहीही करू नका.

गोल, गडद तपकिरी, छोट्या कासवाच्या पाठीसारखे, एका जागी चिकटलेले असतील तर ते युरोपोडिना गटातले. पोटाखालून निघालेल्या बारीक देठाने ते भुंग्याच्या कवचाला चिकटलेले असतात. सोंड्या भुंग्याचे वरचे कडक पंख उचलले की आत यांची दाटी नेहमी सापडते. चिमट्याने ओढू नका. सांध्यावरची पातळ त्वचा फाटली तर तिथून पाणी सुटतं आणि मग खरंच दुखणं मागे लागतं. ओलसर ब्रशने ढकलून निघाले तर ठीक, नाही तर राहू द्या.

चपटे, मळकट पांढरे किंवा मधाच्या रंगाचे, धुळीच्या कणाएवढे, पायांच्या मुळाशी आणि पोटाखाली थरच्या थर चिकटलेले, अजिबात न हलणारे ठिपके असतील तर वारंवार परत येणारी तक्रार बहुधा यांचीच आहे. ही अ‍ॅस्टिग्माटा गटातल्या माइटची ‘हायपोपस’ नावाची प्रवासी अवस्था. हायपोपसला कामाचं तोंड नसतं, तो काही खात नाही. पोटाच्या मागच्या बाजूला चोषक चकती असते आणि तिने तो घट्ट बसतो, म्हणून नळाच्या धारेने सगळे निघत नाहीत. कोरडेपणा आणि उपासमार तो इतर अवस्थांपेक्षा पुष्कळ जास्त सोसतो. डबा आठवडाभर वाळवला तर खतातले प्रौढ माइट मरतात, हायपोपस तगतात आणि ओल मिळाली की पुन्हा वंश सुरू. वाळवण्याचा उपाय फसतो तो यामुळे.

त्याच माइटची प्रौढ अवस्था खतात शोधा: मोत्यासारखे पांढरे, गुबगुबीत, संथ, मागे लांब केस. केळ्याच्या फोडीखाली आणि मेलेल्या अळीवर यांचे पुंजके दिसतात. सॅन्कॅसॅनिया हा यातला खतात, ओल्या कुजक्या खाद्यात हमखास सापडणारा वंश. कागदावर पांढरा जीव उडी मारून गेला तर तो माइट नव्हे, स्प्रिंगटेल. तो बुरशी खातो, त्याला हात लावू नका.

शेवटचा प्रकार कमी दिसतो, पण वेगळा ओळखायला हवा. काही कॅनेस्ट्रिनिइड माइट सगळा जन्म भुंग्याच्या अंगावरच, बहुधा कडक पंखांखाली काढतात. पंख उचलल्यावर आत चालणारे पांढरट माइट, त्यांची अंडी आणि पिल्लं एकत्र दिसली, खतात मात्र काहीच सापडलं नाही, तर हे ते. इथे खत बदलून उपयोग शून्य; पंखांखाली दर तिसऱ्या दिवशी कोरडा ब्रश फिरवणं हाच मार्ग.

अळी माइटने मेली, की मेली म्हणून माइट आले?

मेलेल्या अळीवर पांढऱ्या माइटची गर्दी दिसली की दोष त्यांच्यावर जातो. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. सॅन्कॅसॅनियाचे हायपोपस भुंग्यावर बसून त्याच्या मरणाची वाट पाहतात. भुंगा मेला की कात टाकून तेच मढं खातात आणि तिथेच वाढतात. म्हणून डब्यातला एक मेलेला भुंगा चोवीस तास राहिला तरी महिन्याची मेहनत फुकट जाते. रोज सकाळी मेलेले उचलणं हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा उपाय आहे.

अळी का मेली, ते आधी बघा. अंगावर आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी आली असेल तर ती मेटारायझियम, किड्यांना मारणारी बुरशी. अळी काचेसारखी पारदर्शक, फुगीर झाली, खतातून वर येऊन पडली आणि गुदद्वार बाहेर आलं असेल तर ओरिक्टिस या गेंड्या भुंग्याला लागणाऱ्या विषाणूचा संशय घ्या. काळी पडून मऊ झाली, दुर्गंधी सुटली तर जिवाणूजन्य सड. जिवंत, चपळ अळीच्या पोटाच्या कडेला श्वासछिद्रांची रांग असते. त्या छिद्रांभोवती माइट दाटले असतील, किंवा दुसऱ्या अळीने चावलेल्या जखमेवर चिकटले असतील, तरच माइट हे दुखणं समजा. पहिल्या अवस्थेतल्या लहान अळ्यांना ही गर्दी जास्त बाधते. अंगठ्याएवढी झालेली तिसऱ्या अवस्थेतली अळी सहसा सहन करते.

खत: खरा इलाज इथे आहे

कच्चं किंवा अर्धवट कुजलेलं शेण, ताज्या खाद्याचे तुकडे आणि जास्त ओल या तिन्हींचा मेळ बसला की पांढरे माइट उसळतात. मुठीत खत घट्ट दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब सुटले की ओल जास्त. गोळा झाला, थेंब नाही, आणि बोटाने टोचल्यावर फुटला, म्हणजे बरोबर. किमान चार-पाच महिने कुजलेलं, शेणाचा वास गेलेलं, काळं, भुसभुशीत खतच घ्या आणि 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा.

उष्णता दिल्याशिवाय कुठलंही खत डब्यात जाऊ नये. ओलसर खत कापडी पिशवीत सैल भरा. मोठ्या कुकरमध्ये जाळी, खाली दोन बोटं पाणी, शिटी न लावता वाफ. पिशवीच्या मध्यभागी तापमापक खुपसून 65 अंश सेल्सियस दिसल्यापासून 30 मिनिटं मोजा. भांड्याचं नव्हे, पिशवीच्या मध्याचं तापमान मोजायचं, कारण दोन किलोच्या गोळ्याचं पोट गरम व्हायला बराच वेळ लागतो. बाहेरून वाफाळलेलं खत आतून कोमट राहतं आणि तिथले माइट जगतात. ‘मी तर वाफवलं होतं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

प्रेशर लावून पूर्ण निर्जंतुक करण्याचा मोह टाळा. पूर्ण निर्जंतुक खतात जो पहिला पोचेल तो मोकळं रान मिळाल्यासारखा वाढतो, आणि पहिली पोचते ती बुरशी, तिच्यामागे बुरशी खाणारे माइट. शिवाय गेंड्या भुंग्याची अळी पोटातल्या जिवाणूंच्या जोरावर काडीकचरा पचवते. वाफवलेलं खत थंड झाल्यावर, स्वच्छ ठरलेल्या डब्यातल्या अळ्यांच्या लेंड्या एक किलोला दोन चमचे मिसळा. असा डबा अजून नसेल तर काही मिसळू नका, अळी आपले जिवाणू सोबत आणते. संशयातल्या डब्यातून विरजण घेणं म्हणजे माइट स्वतःच्या हाताने परत आणणं.

जास्त खत असेल तर एप्रिल-मेचं ऊन वापरा. गच्चीवर खाली काळं प्लॅस्टिक, त्यावर ओलसर खताचा फार तर 8 सेंटिमीटर थर, वरून पारदर्शक प्लॅस्टिक, कडा विटांनी बंद. सहा-सात दिवस, मध्ये एकदा उलथापालथ. दुपारी दोनला थराच्या तळाशी 55 अंशांच्या वर आकडा जात नसेल तर थर पातळ करा. जून उजाडल्यावर हा उपाय विसरा. फ्रीझरवर मात्र विसंबू नका: थंडीत प्रौढ मरतात, हायपोपस कधी कधी निभावतात.

कोळीनाशक, गंधकाची भुकटी, फिनाईल यांतलं काहीही डब्यात नको. अळी तेच खत खाते आणि त्याच हवेत श्वास घेते. मेटारायझियमच्या चाचणीसाठी अळ्या वाढवत असाल तर रसायनाचा अंश निकालच बिघडवतो.

भुंगा साफ करायचा तो असा

पाण्याखाली धरणं बंद करा. सुटी धार हायपोपसला हलवत नाही, आणि भुंग्याची श्वासछिद्रं पंखांखाली असतात, तिथे पाणी साचतं. त्याऐवजी धुतलेलं, पूर्ण वाळवलेलं कोकोपीट डब्यात चार बोटं घ्या आणि भुंगा त्यात वीस मिनिटं सोडा. तो खणत जातो आणि पळणारे माइट बरेचसे घासून निघतात. हे कोकोपीट लगेच उकळत्या पाण्यात टाका. मग चिकटलेल्या ठिपक्यांवर, ब्रशचं टोक 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून, टिशूवर टिपून, हलकेच घासा. तोंड आणि पोटाची बाजू वगळा. कडक पंख बोटाने जेमतेम दोन मिलिमीटर उचलून आत फक्त कोरडा ब्रश फिरवा. अळीला अल्कोहोल अजिबात नको. तिला दहा मिनिटं कोरड्या कोकोपीटमध्ये लोळवून चमच्याने नव्या खतात सोडा. उघड्या बोटांनी चिमटीत धरू नका.

साफ केलेला भुंगा थेट मूळ डब्यात गेला तर सगळं वाया. त्याला तीन आठवडे वेगळं ठेवायचं:

1. एक लिटरची बरणी, तळाशी ओलसर टिशूचे दोन थर, वर 200 ग्रॅम वाफवलेलं खत, एक भुंगा.
2. पहिले दहा दिवस खत आणि टिशू दर दोन दिवसांनी पूर्ण बदला. मॅक्रोकेलिससारखे माइट उबेत तीन-चार दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतात, पांढऱ्यांना आठ-दहा दिवस लागतात. उतरलेल्या माइटची अंडी पिकण्याआधी खत बाहेर जायला हवं, म्हणून दोन दिवस.
3. दर बदलाला भिंगातून तपासणी आणि गरज पडली तर ब्रश.
4. नंतरचे अकरा दिवस दर पाच दिवसांनी बदल. सलग दोन तपासण्या कोऱ्या आल्या तरच पुढे.

खाद्य म्हणून पिकलेल्या केळ्याची दोन सेंटिमीटरची चकती बाटलीच्या झाकणात ठेवा, रस खतात उतरू देऊ नका. संध्याकाळी ठेवा, सकाळी काढा. उसाचा तुकडा जास्त टिकतो, पण आंबट वास आला की तोही बाहेर.

कायमचं तोडायचं असेल तर अंड्यापासून

डबा कितीही जपला तरी रानातून येणारा प्रत्येक भुंगा नवे प्रवासी आणतो. ऑस्ट्रेलियाने 1960च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी शेणकिडे आणून सोडले. कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिस्सा यांच्या त्या प्रकल्पात जिवंत भुंगे सरळ सोडले नाहीत. सोबत नको ते माइट आणि रोग येऊ नयेत म्हणून अंडी बाहेरून निर्जंतुक करून, हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत पुन्हा ठेवून त्यांतून नवी पिढी घेतली. अंड्याच्या कवचाआड माइट नसतो, हे त्यामागचं गणित. आपल्या डब्यालाही तेच लागू पडतं.

वेगळ्या ठेवलेल्या मादीला पाच लिटरच्या डब्यात वाफवलेलं खत घट्ट दाबून द्या; सैल खतात ती अंडी घालायला नाखूश असते. दर आठवड्याला खत ट्रेमध्ये उलटून अंडी वेचा. ती पांढरी, लंबगोल, तीन मिलिमीटरच्या आसपास असतात, नंतर फुगून गोल होतात. ताजं अंडं फार नाजूक असतं, म्हणून गोल झालेली आधी घ्या. चमच्याने उचलून उकळून गार केलेल्या पाण्यात अलगद हलवा, ओल्या ब्रशने पुसा, भिंगातून पाहा आणि ओलसर फिल्टर पेपर घातलेल्या पेट्री डिशमध्ये वीस-पंचवीसच्या वर ठेवू नका. पेपर दिवसाआड बदला. काळवंडलेलं अंडं त्याच दिवशी काढा. आठ ते बारा दिवसांत अळी निघते, ती सरळ नव्या वाफवलेल्या खतात. या अळ्यांचे भुंगे व्हायला चार-पाच महिने लागतात, तोवर जुना डबा आणि नवा डबा एका खोलीतही नकोत.

इतकं करूनही परत आले तर

बहुधा हात, चमचे किंवा माश्या. रोजचं काम नेहमी स्वच्छ डब्यापासून सुरू करून संशयातल्या डब्याकडे संपवा, उलट कधीच नाही. प्रत्येक रांगेला वेगळा चमचा आणि ब्रश. झाकणाच्या छिद्रांवर मच्छरदाणीची जाळी माइटला अडवत नाही, पण अंगावर माइट घेऊन येणाऱ्या बारीक माश्यांना जाड सुती कापड अडवतं. जाळीवर कापड चिकटवा. डब्याच्या बाहेरून, काठाच्या खाली बोटभर रुंद व्हॅसलीनचा पट्टा ओढा आणि डबे साबणाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये विटेच्या तुकड्यांवर ठेवा. पाणी आटलं की ट्रे पूल होतो, दर तीन दिवसांनी बघा.

आठवड्यातून एकदा कसोटी घ्या. केळ्याच्या सालीचा 3 बाय 3 सेंटिमीटरचा तुकडा, आतली बाजू खाली, रात्रभर खतावर. सकाळी भिंगातून मोजा. चार-पाच माइट दिसले तर ओल कमी करा आणि साल रोज लावून रोज उकळत्या पाण्यात टाका, एवढ्यावर भागतं. तुकडा पांढरा दिसण्याइतके असतील तर सालीचा सापळा पुरणार नाही, डबा रिकामा करून सगळं पहिल्यापासून.

रिकामं केलेलं खत परसातल्या गायरीत किंवा माडाच्या बुंध्याशी टाकू नका. त्यात अंडी आणि बारीक अळ्या राहिलेल्या असू शकतात, आणि गेंड्या भुंगा माडाची कीडच आहे. उकळतं पाणी ओतून, किंवा काळ्या पिशवीत बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवून मगच बाहेर काढा. पावसाळ्यात उकळतं पाणीच.